करियाची दाढ

आधी डोळा सुजला.

म्हणजे सगळ्यांना तो डोळाच वाटला. उजाडताना शरणम्मा चूल पेटवायला आली, तर करिया चुलीपुढून उठला नाही. रोज तिच्या बांगड्या वाजल्या की तो उठतो, पुढचे पाय लांब ताणतो, अंग झाडून राखेचा ढग उडवतो आणि बाहेर जातो. मग ती त्याला एक शिवी देते आणि घराचा दिवस सुरू होतो. त्या दिवशी शिवी द्यायला कारणच मिळालं नाही.

"येनातो, करिया?" काय झालं रे, म्हणून तिनं विचारलं.

करियाशी घरात कन्नडच बोलतात. मुलगा अनिलकुमार होटगीला रेल्वेच्या कामावर आहे. त्यानं फलाटावरचं हे काळं पिल्लू पिशवीत घालून मैंदर्गीला आणलं, तेव्हा त्याला कुठली भाषा कळत होती कुणास ठाऊक. आता त्याला फक्त शरणम्माची कळते.

त्यानं मान वर केली. डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ.

"गांधीलमाशी चावली असंल, अत्ती," सून चंद्रिका म्हणाली. तिनं हळद उगाळून लावली. काळ्या तोंडावर पिवळा गाल.

कट्ट्यावर बसलेले वीरभद्रप्पा, शरणम्माचे मालक, बघून म्हणाले, "नवरदेव झालाय की. वरात कवा काडायची?"

त्यांच्या तोंडात दात नाही. एकही नाही. कवळी करून घ्या म्हणून अनिलकुमार मागे लागला होता. अप्पा म्हणाले होते, आता मला कुणाला चावायचंय.

कुणी हसलं नाही. तवा तापला होता.

*

या घरात रोज कडक भाकरी होते. घरात तिला रोट्टी म्हणतात. उकळत्या पाण्यात मळलेलं शाळूचं पीठ, काटवटीत एका हातानं फिरवत, दुसऱ्यानं थापत, थापत, पापडाइतकी पातळ. तव्यावरून उतरली की ती निखाऱ्याच्या कडेला उभी करायची. एकीला टेकून दुसरी, दुसरीला टेकून तिसरी, उन्हाला पाठ दिलेल्या म्हाताऱ्यांसारखी. पाणी सगळं निघून जातं. मग ती महिना टिकते. बोटांत धरून दाबली की कट् असं वाजते. वाजली नाही तर ती शरणम्माची नाही.

सासू-सून दोघी मिळून थापतात. मल्लिकार्जुनच्या किराणा दुकानातून ती गावात जाते आणि शिवानंदच्या टेम्पोतून सोलापूरला. शरणम्माच्या उजव्या खांद्यातलं वंगण त्यात संपलं आहे. हात वर केला की खांदाही वाजतो. चंद्रिका म्हणते, अत्ती, तुमचा खांदा पण कडक झाला.

काटवटीला चिकटलेलं पीठ खरवडून शेवटी एक लहान रोट्टी होते. ती करियाची. तो ती तोंडात धरून फाटकापाशी नेतो, दोन पायांत दाबतो आणि मान तिरकी करून खातो. रस्त्यावरनं जाणाऱ्याला आवाज ऐकू येतो.

त्या दिवशीही त्यानं नेली. थोड्या वेळानं परत घेऊन आला. चुलीपुढं ठेवली आणि तिच्यापाशीच बसला. रोट्टी अख्खी होती. एका कडेला फक्त ओलं झालं होतं आणि त्या ओल्यात गुलाबी.

शरणम्मानं काटवट बाजूला सारली. हात पदराला पुसले.

"बाय तगी," ती म्हणाली. तोंड उघड.

त्यानं उघडलं. तिनं ओठ वर केला आणि वासानं मान मागं घेतली. डोळ्याला काही झालंच नव्हतं. वरची, मागची, सगळ्यांत मोठी दाढ उभी चिरली होती. अर्धी जाग्यावर, अर्धी नाही. हिरडीतून पू येत होता.

"ऐकलं का," तिनं कट्ट्याकडं हाक दिली. "दाढ मोडलीय ह्याची."

अप्पा तंबाखू मळत होते. मळून झाली होती, तरी मळत राहिले.

"म्हातारा झाला असंल," ते म्हणाले.

"म्हातारा कशानं? चंद्रिकाच्या लग्नाच्या मागनं आलाय त्यो."

"मग... मोडली असंल कशानंतरी."

*

टेम्पोत पुढं शिवानंद, शरणम्मा, आणि तिच्या पायांत करिया. मागं रोट्ट्यांच्या पेट्या, आणि पेट्यांत अप्पा. चंद्रिका घरी थांबली, चूल थांबवून चालणार नव्हतं. अक्कलकोट गेलं. दोन्ही बाजूंना शाळूची काढणी चालली होती. बाया ओळीनं वाकून ताटं मुळासकट उपटत होत्या आणि मागं आडवी टाकत होत्या. माघातलं वारं कोरडं, काचेच्या फटीतून पाचोळा आत येत होता.

"अव्वा, कुत्र्याच्या दाढंसाठी सोलापूर?" शिवानंद म्हणाला. "माझी दुखली तवा मी लवंग धरली."

"तुला कोन नेनार हुतं."

"ते बी खरं." शिवानंदनं गिअर बदलला. त्याला गप्प बसायला जमत नाही. "भूल देत्यात म्हनं. उटल्यावर वळखंल का तुमाला?"

"तू गाडी चालीव."

वळसंगच्या पुढं करियानं जबडा तिच्या मांडीवर टेकला. दुखऱ्या बाजूनं नाही, चांगल्या बाजूनं. तिच्या पातळाला लाळेचा डाग पडला. हे पातळ तिनं जत्रेला नेसायचं म्हणून ठेवलं होतं. आज घाईत हाताला तेच लागलं.

*

डॉक्टर तरुण बाई होती. उत्कर्षा नाव, कोटावर लिहिलेलं. हाताची बोटं लांब, नखं अगदी बारीक कापलेली. शरणम्माला ती नखं आवडली.

"बस. बस रे बाळा," डॉक्टर करियाला म्हणाली. करिया उभाच.

"कुंद्रु," शरणम्मा म्हणाली. तो बसला.

"काय म्हणालात?"

"कुंद्रु. बस म्हंजे."

"कुंद्रु," डॉक्टरनं म्हणून पाहिलं. करियानं शरणम्माकडं बघितलं, ही बाई कोण आणि आपली भाषा हिला कशी, असं. मग बसल्या जागीच पुन्हा एकदा बसला.

शिवानंदनं मागचे पाय धरले. अप्पा दाराशी उभे राहिले, टोपी हातात. डॉक्टरनं दिवा लावून तोंडात बघितलं. गालावरची गाठ दाबली.

"मुळाशी पू झालाय, म्हणून डोळ्याखाली सूज. दाढ काढावी लागेल. हाड चावतो का हा?"

"आमच्या घरात हाड न्हाय," शरणम्मा म्हणाली.

"बाहेर कुठं?"

"त्यो बाहेर खात न्हाय. आमच्या गळ्यात लिंग हाय, बाई. त्यो चुलीपुढं झोपतो. हाड कसलं."

अप्पांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"नाही, हाडानंच बहुतेक अशी चिरते, म्हणून विचारलं. मग दुसरं काही कठीण? दगड? काहीतरी तर असेल ना."

शरणम्माला दगड पटला नाही. तिचा करिया दगड चावणारा नव्हता, वेडा नव्हता. कठीण म्हणजे काय काय खातो तो, असा तिनं खरोखर विचार केला. आणि जे खरं होतं ते सांगितलं. त्यात थोडा अभिमानही होता.

"कडक रोट्टी खातो की. रोज. आमच्या हातची."

डॉक्टर "बरं" म्हणाली. तिनं सुई भरायला घेतली. ती भाकरीनं मोडली असं म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. तिचं लक्ष सुईकडं होतं.

शिवानंदचं लक्ष मात्र सगळं शरणम्माकडं होतं.

करियाचे पाय मऊ झाले. जीभ बाजूनं बाहेर आली. शरणम्माला बाहेर बसवलं. आतून बारीक घरघर ऐकू येत होती, पिठाच्या गिरणीसारखी, फार लांबच्या गिरणीसारखी. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. अप्पा शेजारी बसले होते. ते एकदा म्हणाले, "शरणम्मा." ती म्हणाली, "काय." ते म्हणाले, "काय न्हाय."

दाढेला तीन मुळं होती. डॉक्टरनं तुकडे कापसात गुंडाळून दिले. "जखम भरेपर्यंत मऊ द्यायचं. कडक काही नको हां, आजी."

कडक काही नको. शरणम्मानं मान हलवली आणि कापूस आपल्या सुपारीच्या चंचीत ठेवला.

*

शिवानंद अक्कलकोटच्या चहावाल्याला म्हणाला: शरणम्माच्या कुत्र्याची दाढ काढून आनली. कशानं मोडली इच्यार की. रोट्टीनं. स्वता सांगितलं की तिनं.

चहावाला मैंदर्गीच्या मास्तरांना: शरणम्माच्या रोट्टीनं कुत्र्याची दाढ पडली म्हणे.

मास्तर हे वर्गात बोलले नाहीत, पण घरी बोलले.

मास्तरांच्या बायकोची बहीण सावित्रम्मा, नळावर: अगं, दाढा. दोन.

पाराजवळ कुणी: कुत्र्याचं तोंड ते. मानसाचं काय हुईल?

दुसरा कुणी: शरणम्मा, घराचं बांधकाम काढलंय, दोन बुट्ट्या रोट्ट्या दे. पायात घालतो.

हे शेवटचं तिच्या तोंडावर. बोलणारा हसत होता. वाईट मनाचा नव्हता. मैंदर्गीत कुणी वाईट मनानं हसत नाही, म्हणून थांबवताही येत नाही.

*

करिया आता दुधात कुस्करलेली भाकरी खात होता. गाठ उतरली. गाल जरा आत गेला, त्यामुळं तो काहीतरी आठवत असल्यासारखा दिसायचा. शेवटची लहान रोट्टी चंद्रिका सवयीनं करायची आणि मग ती अप्पांच्या आमटीत जायची.

मल्लिकार्जुन दुपारी आला. दुकान सोडून आला म्हणजे कामाचं असणार. तो कट्ट्यावर बसला, पाणी प्यायला, शाळूला यंदा कणीस कसं भरलंय ते बोलला. दुकानात रोट्ट्यांची पाकिटं तशीच पडून होती, हे तो बोलला नाही. शरणम्माला ते दिसलं होतं.

मठाच्या जत्रेचा दासोह, म्हणजे येईल त्याला जेवण, त्याच्याकडं असतो. जत्रेच्या सकाळी घराघरातून बाया रोट्ट्यांची चळत डोक्यावर घेऊन निघतात. पुढं हलगी, मागं बाया, आणि मठाच्या कट्ट्यावर एकावर एक चळती लागतात. जत्रेला येईल त्याच्या पानात त्यातली रोट्टी पडते, मग तो कुठलाही असो. पहिली चळत शरणम्माच्या घरची. तिच्या सासूपासून. गादीपुढचं नैवेद्याचं ताट त्याच चळतीतून भरतं.

"अव्वा," मल्लिकार्जुन म्हणाला, "यंदा तुमची चळत जरा मागं ठिवली तर?"

चंद्रिकाचा हात काटवटीत थांबला.

"का?"

"लोक हसत्यात. माझं काय न्हाय. पन पंगतीत पहिली रोट्टी पडली आन् कोन काय बोललं, गादीपुढं हसनं बरं दिसत न्हाय." त्याला घाम आला होता. "तुमी सांगून टाका की, हाडानं मोडली म्हनून. मिटलं."

"हाडानं?"

"व्हय. कुत्रं हाय, खाल्लं आसंल कुटं..." बोलता बोलता त्यालाच पुढचं दिसलं. तो खाली बघत म्हणाला, "न्हाय. तसं बी नको. हाड खानारं कुत्रं चुलीपुढं झोपतंय म्हनल्यावर, त्या चुलीची रोट्टी गादीपुढं..."

"तेच म्हनतीया मी," शरणम्मा म्हणाली.

तो उठला. फाटकाशी करिया होता. मल्लिकार्जुननं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळेच फिरवतात.

"बगा अव्वा. तुमी म्हनाल तसं."

अप्पा हा सगळा वेळ तिथंच होते. खांबाला टेकून, डोळे मिटून. झोपलेल्या माणसाचा पायाचा अंगठा असा हलत नाही.

*

शेणी आणायला ती परसात गेली. शेणींचा रचलेला हुडवा एका बाजूनं उकरलेला. करिया तिच्या मागनं आला, तिला मागं टाकून पुढं गेला आणि उकरलेल्या जागी नाक घालून शेपूट हलवू लागला. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. माझं इथं काहीतरी आहे, काढून दे.

"सरी," ती म्हणाली. सरक.

तिनं शेणी बाजूला केल्या. खाली हाड होतं.

वीतभर लांब, जाड, एका टोकाला गाठ असलेलं. चावून चावून गुळगुळीत. एकच नव्हतं. खाली अजून होती, जुनी, पांढरी पडलेली, नीट एकाशेजारी एक. तिच्या निखाऱ्याकडेच्या रोट्ट्यांसारखी.

तिनं वाकून नवं हाड बघितलं. हात लावला नाही. गाठीजवळ एक चीर होती आणि चिरेत काहीतरी पांढरं रुतलेलं, काचेसारखं चकचकीत. तिनं कमरेची चंची काढली. कापूस उलगडला. दाढेचे तुकडे तळहातावर घेऊन त्या चिरेपाशी धरले.

दाढेची दुसरी बाजू.

ती उकिडवी बसून राहिली. करिया शेजारी बसला, तिच्याच तोंडाकडं बघत.

तो एकटा कुठं जात नाही. सोमवारी बाजारात अप्पांबरोबर जातो. अप्पा बाजारातून कोथिंबीर आणतात, बाकी काही आणत नाहीत, आणि तेवढ्याला अख्खी दुपार लागते. तिनं तो रस्ता मनातल्या मनात चालून बघितला. फाटक, मठ, मल्लिकार्जुनचं दुकान, पिंपळ. पिंपळापासून डावीकडं लाडलेसाबचं मटनाचं दुकान. दुकानापुढं बाकडं. लाडलेसाब आणि अप्पा एकेकाळी एकाच मोटेवर पाणी ओढत. अप्पांचे बैल, लाडलेसाबची विहीर. विहीर आटली, बैल गेले, बाकडं राहिलं.

सोलापूरला, दाराशी उभं राहून, टोपी या हातातून त्या हातात. शरणम्मा. काय. काय न्हाय.

आणि मी. आमच्या घरात हाड न्हाय. मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

तिनं दोन काटक्या घेतल्या. एकेक हाड काटकीनं उचलून शेणखताच्या खड्ड्यात खोल टाकलं. शेवटी कापसातले तुकडेही टाकले, वर माती ओढली. डोक्यावरून अंघोळ केली. कपाळाला विभूती लावली. चंद्रिकानं विचारलं, अत्ती, आता अवेळी अंघोळ का. ती म्हणाली, शेण उडलं.

*

रात्री जेवताना नाही, सकाळी नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी, दोघी थापत असताना. दोन चुली पेटलेल्या, परसात धूर, चंद्रिकाच्या कपाळावर पिठाचं बोट उमटलेलं. शरणम्मा इतकी पातळ थापत होती की काटवटीचं लाकूड खालून दिसावं. खांदा दर थापेला वाजत होता.

अप्पा पाणी मागायला आले.

"यंदा पंगतीला तुमी पयल्या वळीत बसायचं," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"बसतो की."

"आपल्या चळतीतली पयली रोट्टी तुमच्या पानात."

"चालंल की."

"आमटीत बुडवायची न्हाय."

अप्पांनी तांब्या खाली ठेवला. "मग?"

"कोरडी खायची."

"कोरडी."

"कोरडी. वाजवून. लोकांना ऐकू गेली पायजे."

"आगं, मला दात..."

"म्हनून तर."

तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. फार वेळ नाही. रोट्टी पलटायची होती. अप्पांनी तिच्या त्या बघण्यात काहीतरी शोधलं, त्यांना ते सापडलं असावं किंवा नसावंही. ते "बरं" म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

"अत्ती, मामांच्या हिरड्या कापतील की," चंद्रिका हळूच म्हणाली.

"कापल्या तर माझी रोट्टी जाड झाली म्हनायची."

*

हलगी. उन्हं चढलेली. चळत डोक्यावर घेऊन शरणम्मा सगळ्यांच्या पुढं. लाळेचा डाग धुऊन निघाला नव्हता, तेच पातळ. सावित्रम्मा तिच्या मागं. एका बाजूनं कुणी म्हणालं, जपून गं, पायावर पडंल. हसले. तिची मान हलली नाही. डोक्यावर चळत असली की मान हलवता येत नाही, हे एक बरं असतं.

मल्लिकार्जुन मठाच्या कट्ट्यावर उभा होता. त्यानं तिच्या चळतीला हात लावला, क्षणभर इकडंतिकडं बघितलं. तिनं चळत सोडलीच नाही. स्वतः वाकली आणि पहिल्या जागी ठेवली.

पंगत बसली. पहिल्या ओळीत वीरभद्रप्पा. त्यांच्या शेजारी लाडलेसाब, तो दरवर्षी बसतो. शिवानंद आमटीची बादली घेऊन वाढत होता.

अप्पांच्या पानात रोट्टी पडली. शेंगांची चटणी पडली.

"आमटी, अप्पा?"

"नको."

"नको? मग खानार कशी?"

अप्पांनी रोट्टी उचलली. दोन्ही हातांत धरून दाबली. कट्. एक तुकडा तोंडात ठेवला, तोंड मिटलं. गाल आत गेले, हनुवटी नाकाच्या जवळ आली. सगळी ओळ बघत होती. जबडा एकदा हलला.

कट्.

आवाज तोंडाच्या आतून आला. लहान, पण पंगत गप्प होती.

लाडलेसाबनं मान जवळ नेली. "क्या कर रहे, अप्पा. मूं कटता ना."

"जेव तू," अप्पा म्हणाले.

कट्. कट्. डोळ्यांत पाणी आलं होतं. चटणी तिखट होती, असं म्हणायला जागा होती. बायांच्या बाजूला शरणम्मा खांबामागं उभी होती. तिचा हात आपोआप खांद्यावर गेला होता. प्रत्येक घासाला ती स्वतःची जीभ दाढांत धरत होती.

रोट्टी संपली. पानात कणही राहिला नाही.

शिवानंदला गप्प बसणं जमत नाही. तो बादली घेऊन तिथंच उभा होता. "अप्पा," तो म्हणाला, "एकांदा दात तरी मोडला का?"

अप्पांनी तोंड उघडलं. पूर्ण, करियानं उघडावं तसं. शिवानंदच्या पुढं धरलं.

"बग. हाय का मोडायला?"

पहिल्यांदा लाडलेसाब हसला. मग शेजारचा. मग ओळ, मग समोरची ओळ. हसू सगळ्या पंगतीतून गेलं, पण या वेळी ते वेगळ्या अंगानं गेलं. कुणीतरी आपली रोट्टी दाबून बघितली. कट्. दुसऱ्यानंही. पंगतभर कटकट सुरू झाली, पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडावेत तशी.

मल्लिकार्जुन रोट्ट्यांची बुट्टी घेऊन पुढं सरकला होता. अप्पांनी त्याला हात केला.

"आनि एक वाड," ते म्हणाले. "हिच्याच चळतीतली."

हे ठरलेलं नव्हतं. शरणम्मानं एकच सांगितली होती.

*

घरी आल्यावर त्यांनी चूळ भरली. पाणी लाल.

तिनं मिठाचं कोमट पाणी करून दिलं. अप्पा ते गालात धरून बसले, दोन्ही गाल फुगवून, त्यामुळं त्यांना काही बोलता येत नव्हतं. तिनंही विचारलं नाही. चंद्रिका जत्रेत पाळण्याकडं थांबली होती, अनिलकुमार आला होता. घरात तिघंच.

शरणम्मानं दूध तापवलं. दोन वाट्या घेतल्या. एक पितळेची, एक जर्मनची. दोन्हींत रोट्टी कुस्करली. बोटांनी गाठी मोडल्या, फुंकर घातली, करंगळीनं ऊन किती ते बघितलं. पितळेची अप्पांपुढं सरकवली. जर्मनची करियापुढं.

दोघं खाऊ लागले. दोघांची मान एकाच बाजूला तिरकी.

ती चुलीपुढं बसली. खांदा दाबत. बाहेर हलगी अजून वाजत होती.

"सोमवारी बाजारला जाशीला न्हवं," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली.

"ह्यालाबी न्या. बसून बसून आळशी झालाय." तिनं एक शेणी चुलीत सारली. "आन् लाडलेसाबला माझा निरोप सांगा."

अप्पांचा घास ओठांपाशी थांबला.

"म्हनावं, आता त्याला दाढ न्हाय. द्यायचंच असंल तर हाडाबिगर द्या."

दुधाचा एक थेंब अप्पांच्या बोटावरून घरंगळून धोतरावर पडला. करियानं आपली वाटी चाटून संपवली होती. तो आता अप्पांच्या वाटीकडं बघत होता.